दुसरी कॅसेट, फॉरवर्ड न करता

सुमनच्या माय,

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले आणि मी अजून दुसरी कॅसेट लावली नाही. दहाव्याला नदीवर चारचौघांसमोर बोलून बसलो, लावतो म्हणून. उद्या तेरवी. परवा मशीन विकत घेतलेला लोणारचा माणूस जीप घेऊन येईल आणि टीव्ही, व्हीसीआर दोन्ही उचलून नेईल. त्याच दिवशी सुमन मला बुलढाण्याला तिच्या घरी नेणार. म्हणजे माझ्या हातात आजचाच दिवस आहे. सकाळपासून लाईन दोनदा गेली. आता आहे. एक डोळा कागदावर आणि एक पंख्यावर ठेवून लिहितो. पंखा मंदावला की लाईन चालली समजायचं.

लिहायला बसायचं कारण गुरुजी. पेपरात द्यायचा मजकूर घेऊन काल ते आले आणि वाचून दाखवला. मनमिळाऊ, मितभाषी, धर्मपरायण, असं बरंच काही होतं.

मी म्हटलं, "गुरुजी, हे कोन वारलं?"

"अहो, वहिनींबद्दलच आहे."

"मितभाषी? तुमी सोता तिच्याशी दीड घंटा भांडले याच उंबऱ्यावर. इसरले?"

गुरुजी हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "मग तुम्हीच लिहा. मी शुद्धलेखन तपासून देतो." मी चौथी पास. तपासायला त्यांना भरपूर मिळेल. पण तुझं माहेर कोणतं, वय किती, मागं कोण कोण राहिलं, हे मी तुलाच काय सांगू? मला सांगायचं ते दुसरं आहे, आणि ते सांगायला मी दोन दिवस झाले भीत आहे.

उंबऱ्यापासून सुरू करतो, म्हणजे धीर येईल.

आपण व्हिडिओचं काम धरलं तेव्हा लोक म्हणाले, म्हातारपणी हे काय खूळ. बाहेरच्या खोलीत टीव्ही मांडला. रविवारी आणि बाजाराच्या दिवशी दुपारी पिक्चर दाखवायचा, बाकीचे दिवस कॅसेटी घरोघर न्यायला द्यायच्या. मी मशीन सांभाळायचो. तू दारात पोतं टाकून सुपात डाळ निवडत बसायचीस, आणि पिक्चर सुटला की एकेकाला उंबऱ्यावर अडवायचीस.

"काय रे, कसा होता?"

"चांगला होता काकू."

"चांगला मंजे काय? शेवटपावतर बसला का मधातच उठला?"

तिथं खोटं चालत नसे. आत कोण केव्हा उठलं याकडे तुझा कान असायचा. लिहिता येत नव्हतं म्हणून तू टिकल्यांची युक्ती काढलीस. जो शेवटपर्यंत बसला त्याची लाल टिकली, जो मधातच उठला त्याची काळी, आणि दोन्ही कॅसेटच्या डबीवर चिकटवायच्या. मग कॅसेट न्यायला येणारे लोक पिक्चरचं नाव वाचायचेच नाहीत. "काकू, लाल जास्त असलेला द्या," म्हणायचे. मी तुला हसायचो. म्हणायचो, डबीले गोवर उठला वं. पण लोक आपल्या घरी येत ते तुझ्या टिकल्यांमुळे येत, माझ्या मशीनमुळे नाही, हे मला दिसत होतं आणि मी एकदाही बोललो नाही. आता बोलतो. उशीर झाला, पण बोलतो.

मग तो व्हॉलीबॉलचा पिक्चर आला.

पावणेचार तास! एका कॅसेटीत मावेना म्हणून दोन कॅसेटी, एकाच जाड डबीत. थेटरात केव्हा आला अन् केव्हा गेला, कोणाला पत्ता नाही. कॅसेट निघाली तेव्हा आपल्याकडे आली. डबीवर हिरो हवेत उडालेला, हात वर केलेला. आपल्या दुसरबीडात शाळेमागच्या मैदानावर जाळी बांधलेलीच असते, त्यामुळे पोरं नुसती डबी पाहूनच खूश. पहिल्या रविवारी खोली भरली, खिडकीतही डोकी होती. पिक्चर सुटला तेव्हा निम्मी खोली रिकामी झाली होती. उंबऱ्यावर तुझी चौकशी सुरू झाली.

शेषराव ड्रायव्हर म्हणाला, "काकू, येवढ्या टाइमात मी गाडी जालन्याले नेली असती, तठी चहा घेतला असता, वापस आनली असती. तरी त्यायची म्याच चालूच!"

व्हॉलीबॉल टीमचा कप्तान गजू. तो म्हणाला, "त्यानं सर्विस मारली तवा मी पानी प्याले उठलो. पानी पेलो, घरी जाऊन म्हैस सोडली, वापस आलो, तं चेंडू हवेतच."

"मधातच उठला. काळी," तू म्हणालीस.

"म्हशीचं काम होतं ना काकू, त्याची काळी कायले लावता?"

"म्हैस आली असती तं शेवटपावतर बसली असती. तिले लाल देली असती मी."

गजू आजही तो किस्सा सांगतो. परवा भेटायला आला तेव्हा सांगायला लागला आणि म्हशीपाशी आल्यावर मधातच उठून गेला.

गुरुजींनी तर उंबऱ्यावर उभं राहून व्याख्यानच दिलं. कथानकाला वेग नाही, भाषणं फार, आणि व्हॉलीबॉलच्या चित्रपटात मधेच पाव तास चेंडूच दिसत नाही. "ती हिरोची बायको येते आणि सगळं ठप्प होतं. ना गाणं, ना संवाद. तो भाग मेलेला आहे, वहिनी."

तू सूप खाली ठेवलंस. "गुरुजी, तुमी कवा पाव तास काई न बोलता बसले का?"

"नाही बा."

"मंग तुमाले कसं समजन तठी काय चालू हाय?"

तिथून पुढं दीड घंटा. शेवटी गुरुजींनी काळी टिकली कबूल केली आणि चहा पिऊन गेले.

सगळ्यांत शेवटी सखूबाई बाहेर आली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करणारी बाई, रविवारी एवढाच तिचा चैनीचा वेळ. ती म्हणाली, "मले तं लवकर सरला बाप्पा. लांब लांब कायले म्हनतात हे? घरी जाऊन भाकरीच थापाच्या ना? ती बाई आली तवा मले वाटलं, आता कोनी उठू नये."

तिची लाल टिकली लावताना तुझं तोंड कसं उजळलं होतं ते मला अजून दिसतं.

आणि मी? पहिली कॅसेट संपली की दुसरी लावायची आणि परसात जाऊन बिडी ओढायची, हा माझा नेम. ती बायको पडद्यावर आली की पब्लिक उठतं हे कळल्यावर मी आत आलेला असलो तरी नेमका तेवढ्यात उठायचो. तू विचारलंस, "तुमी पाह्यला का?"

"पाह्यला."

"ती बाई काय करते?"

"रडत असन. बाया काय करतात पिक्चरमधी."

तू डबीचं झाकण उघडून आतल्या बाजूला एक लाल टिकली लावलीस. ती तुझी. तिच्या शेजारी बोट टेकवून म्हणालीस, "ही जागा तुमची. पाहान तवा लावजा."

"तूच सांग ना काय करते ते."

"सांगितल्यावर पाह्यलं त्याले पाह्यलं म्हनत नाई."

ती जागा अजून रिकामी आहे. लिहिता लिहिता उठून पाहून आलो.

आता मी काय केलं ते. गावाला अर्धवटच माहीत आहे, गुरुजींना पण.

मी मुळात टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर. दसरा झाला की तंबूमागं निघायचो, जत्रेमागून जत्रा करत मृगाच्या तोंडावर घरी यायचो. फाटलेला पडदा, विरलेल्या कनाती ओसरीवर आणून टाकायच्या आणि दसऱ्याला तयार झाल्या की उचलून न्यायच्या. त्या कामात एक गोष्ट अंगात भिनली. पिक्चर कोणाचाही असो, रीळ ऑपरेटरच्या हातात असतं. पब्लिक कंटाळलं, लोकांची बैल जुंपायची वेळ झाली, की एखादं गाणं काढून टाकायचं. कात्रीनं कापायचं, टोकं खरवडायची, सोल्युशन लावून जोड मारायचा आणि अंगठ्यानं दाबून धरायचं. मालक आल्यागेल्याला सांगायचे, ह्याचा जोड दिसत नाही. ह्या एका बोलण्यावर मी वर्षानुवर्षं छाती काढून फिरलो.

म्हणून व्हॉलीबॉलवरही मी तोच इलाज केला. दुसऱ्या कॅसेटीचे पाच स्क्रू काढले. पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली. रिळात चित्रं दिसतात, बोटाच्या पेराएवढी माणसं. इथं काहीच नाही, नुसती चकाकती तपकिरी फीत. हात तेव्हाच थांबायला पाहिजे होता. मी म्हटलं, माणसंच दिसत नाहीत तर कापायला भ्यायचं कशाला! मशीनमध्ये लावून ती बाई येते तिथं एक खूण केली, फॉरवर्ड करून परत चेंडू येतो तिथं दुसरी. फॉरवर्डमध्ये ती ओसरीवर खाली मान घालून बसलेली दिसली, बस एवढंच. मधली चाळीसेक हात पट्टी कापली आणि टोकं सेलोटेपनं जोडली. कापलेली पट्टी परसातल्या डाळिंबाला गुंडाळली, म्हणजे पाखरं बसणार नाहीत. वाऱ्यावर मस्त चकाकायची.

पुढच्या रविवारी कोणी उठलं नाही. गजू ओरडला, "आता जमलं ना काका!" मी मशीन सोडून तुझ्याजवळ आलो, म्हटलं, "लाव आता लाल. पाकीट पुरनार नाई तुयं."

तेवढ्यात सखूबाई आली. "अवं, ती बाई कुठं गेली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग मागच्या दारातून परसात पाहिलंस, जिथं झाड चकाकत होतं. इतक्या लवकर कसं कळलं तुला?

"कापली?"

"पब्लिकले नोको होती."

"सखूबाई पब्लिक नाई का? मी नाई का?"

"दोघीजनीसाठी पाव तास खोली रिकामी करू का मी?"

"हाव. कराची."

त्या दिवसापासून त्या डबीवर तू एकही टिकली लावली नाहीस. लोक विचारायचे तर म्हणायचीस, "हा तो पिक्चरच नाई. याचं मत कायचं घेता?" आणि मला, भाकरी वाढताना, अंथरूण घालताना, एकच वाक्य. "तुमी जोडारी मानूस ना? जोडून दाखवा." मला तो टोमणा वाटायचा. कारण पट्टी आठ-दहा दिवसांत झाडावरून गेली होती, मी समजलो वाऱ्यानं उडाली. मी म्हणायचो, "वाऱ्याले इचार कुठं नेली." तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, जिंकलो.

शेवटच्या सकाळीही तू चुलीपाशी बसून तेच म्हणालीस. "आज जोडता का?" त्या दिवशी आवाजात टोमणा नव्हता. मला ते ऐकू आलं होतं, खोटं कशाला बोलू. तरी म्हटलं, "आज बाजार हाय. उद्या पाहू." दुपारी आत पिक्चर चालू असताना तू पोत्यावरच कलंडलीस. डाळ उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे सांडली. लोकांनी मला हाक मारली तेव्हा मला वाटलं कॅसेट अडकली. मी आधी मशीन बंद केली आणि मग बाहेर आलो. तेवढ्या वेळात तू मला शोधलंस का, हा प्रश्न मी कोणाला विचारू? सखूबाई तिथं होती. तिला विचारायची हिंमत होत नाही.

मग दहावा. नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर पाच-सहा बसलेले, पण एक खाली येईना. ऊन चढलं. तुझा भाऊ हात जोडून म्हणाला, "बाई, सुमनच्या पोरीचं लगन थाटात करू." कावळा जागचा हलला नाही. "दारात तुळशीले पक्का ओटा बांधू." नाही. "दाजीले सुमन सांभाळन, काळजी नोको करू." एक कावळा उडाला, पण दुसऱ्या बाभळीवर जाऊन बसला. बाया कुजबुजायला लागल्या की हिचं काय राहून गेलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला एकट्याला माहीत होतं काय राहिलं ते, आणि चारचौघांत ते तोंडातून काढायची लाज वाटत होती.

शेवटी बोललो. "दुसरी कॅसेट पाहीन. पुरी. फॉरवर्ड नाई करनार."

तुझा भाऊ माझ्याकडे असा पाहायला लागला जसं मला ऊन लागलं. तेवढ्यात कावळा आला. पिंडाला चोच लावली आणि गेला.

परत येताना भाऊ हळूच म्हणाला, "दाजी, कावळ्याले कॅसेट समजते का हो?" जी पट्टी मी पाखरं हाकलायला बांधली होती, तिचं नाव काढल्यावरच पाखरू खाली आलं.

वचन तर दिलं, पण पट्टी कुठं होती? उरलेली कॅसेट पाहून तुला 'पाह्यला' म्हणणं म्हणजे पुन्हा तेच खोटं. तो दिवस असाच फिरलो. काल सुमन तुझा शिवणाचा डबा आवरायला बसली.

"बाबा, हे काय हाय? मायनं दोऱ्याच्या रिळावर काय गुंडाळून ठेवलं?"

लाकडी रीळ. त्यावर तपकिरी पट्टी, घट्ट, सरळ, एक पीळ नाही. शेवटचं टोक सुटू नये म्हणून त्यावर लाल टिकली चिकटवलेली.

तर तो टोमणा नव्हता. इतके महिने तू खरंच सांगत होतीस. पट्टी घरात आहे, जोडा. एकदाही म्हणाली नाहीस की मी सांभाळून ठेवली आहे. मी विचारलं असतं तर काढून दिली असतीस. मी वाऱ्याला विचारायला सांगितलं.

आता बहाणा उरला नाही. जोडायला बसतो. भीती अशी की सेलोटेप मशीनच्या हेडला चिकटला तर पट्टी आत गुंतेल, तुकडे होतील, आणि लोणारच्या माणसाला काय तोंड दाखवू ते वेगळंच. पट्टीचं आधीचं टोक कोणतं तेही माहीत नाही. आठ-दहा दिवस उन्हावाऱ्यातही होती. स्क्रू दोनदा खाली पडला. पंखा फिरतो आहे. बसतो.

*

लिहिणं तिथं थांबवलं होतं. आता पाच वाजले. लाईन चार वाजता जाऊन परत आली, पण तोवर माझं झालं होतं. सगळं सांगतो.

दोन्ही टोकं जोडली, अंगठ्यानं दाबून धरली, जुनी सवय. सुमनला म्हटलं, बस माझ्याजवळ. ती तुझ्या पोत्यावर बसली. मी आज मशीनपाशी उभा राहिलो नाही, खाली लोकांच्या जागी बसलो. दुसरी कॅसेट लावली. हिरो, भाषण, ट्रक, परत भाषण. मी वाट पाहत होतो. खर्र असा आवाज आला, चित्र आडवं झालं आणि मशीन थांबते की काय असं वाटलं. मग जोड सरकून गेला आणि टीव्हीभर मुंग्या.

नुसत्या पांढऱ्या मुंग्या अन् घरघर.

सुमन म्हणाली, "बाबा, काईच नाई दिसून राह्यलं. खराब झाली पट्टी. फॉरवर्ड करू का?"

"हात लावशील तं पाह्य!"

एवढ्या जोरात ओरडलो की शेजारची बाई दारात आली. मग मऊ आवाजात म्हटलं, "बसू दे पोरी. पुरा पाह्याचं म्हनलं मी."

बसलो. मुंग्या पाहत बसलो. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते मुंग्यांमुळे का कशामुळे सांगता येत नाही. बऱ्याच वेळानं मुंग्या पांगल्यासारख्या झाल्या आणि मधात काहीतरी आलं. एक गुडघा. गुडघ्यावर जाळी. परत मुंग्या. मग बोटं आली. व्हॉलीबॉलची फाटलेली जाळी होती ती. बाई एकेक भोक धरून गाठ मारत होती. परत मुंग्या. मग तिनं दोरा दातांनी तोडला, जाळी उजेडाला धरली, पुढचं भोक शोधलं. ना रडत होती, ना दाराकडे पाहत होती. मग मुंग्याच.

सुमन म्हणाली, "जाळी शिवून राह्यली ती. नवऱ्याची." आणि थोड्या वेळानं, टीव्हीकडेच पाहत, "माय अशीच बसे पावसाळ्यात. पडदा घेऊन. सारी ओसरी पांढरी होऊन जाये. आमाले पाय ठेवू देत नसे."

मी म्हटलं, "मी तं घरीच राहो ना पावसाळ्यात?"

"घरीच राहत होते. झोपून राहत होते. आठ महिन्याचं जागरन राहे तुमाले."

दरवर्षी दसऱ्याला मी तो पडदा घडी घालून नेला. तो आपोआप कसा सांधला जातो हा विचार मला एकदाही शिवला नाही. पहिल्या जत्रेहून मधेच एकदा घरी आलो की तू विचारायचीस, "पडद्यावरची शिवन दिसली का कोनाले?" मी मोठ्या खुशीत सांगायचो, "कोनालेच नाई दिसली!" मला वाटायचं मी तुझी तारीफ करतो आहे. तू हसायचीस आणि पाणी आणायला आत जायचीस. कसलं हसू होतं ते? आता आठवून पाहतो तर मला तुझं तोंड दिसत नाही, पाठ दिसते.

मशीननं पट्टी खाल्ली नाही. चेंडू परत आला, शेवटची म्याच झाली, तीही पाहिली. संपल्यावरची नावं पण पाहिली, मला वाचता न येणारी इंग्रजी नावं, सगळी वर जाईपर्यंत.

आता माझं मत सांगतो. तू उंबऱ्यावर अडवून विचारलंस असं धरून. पिक्चर लांब आहे. शेषराव खोटं बोलला नाही, शेवटची म्याच सरता सरत नाही आणि एकच भाषण दोनदा आहे. गुरुजींना मी ते सांगेन, त्यांना बरं वाटेल. पण बाईचा तुकडा मला पुरला नाही. अजून चाळीस हात पाहिजे होता. मशीन परवा जाईल तर जाऊ दे. ही डबी मी कोणाला देणार नाही, बुलढाण्याला माझ्यासोबत येईल.

तुझं टिकल्यांचं पाकीट सुमननं काढून दिलं. अर्धं उरलं आहे. लाल घ्यायची का काळी, यावर मी बराच वेळ अडलो. मुंग्याच जास्त पाहिल्या, बाई घडीभरच दिसली. ह्याला तू पाहिलं म्हणशील का? उठलो मात्र नाही. शेवटी लाल काढली. झाकणाच्या आत तुझ्या टिकलीच्या शेजारी लावली तर खाली पडली. उन्हाळ्यानं गोंद वाळला आहे. परत लावली, परत सुटली. मग सुमनकडून भाताचं शीत मागितलं, ते मागून लावलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं.

सुमन दोनदा येऊन गेली. "बाबा, चला ना, चहा थंडा होऊन राह्यला."

म्हटलं, "थांब. धरू दे."

एका हातानं हे लिहितो आहे. दुसरा अंगठा अजून टिकलीवर आहे.